सोशल मीडियाची तलफ : या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक निदानातच होते. ‘मजा येते म्हणून सुटत नाही,’ असं आपण धरून चालतो. पण तासभर रील्स बघून उठलेल्या माणसाचा चेहरा बघा, मजा आल्यासारखा दिसतो का? मेंदूसंशोधक केंट बेरिज यांच्या कामातून दिसलं, की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती आवडणं या मेंदूतल्या वेगवेगळ्या प्रक्रिया आहेत. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः हवंसं वाटण्याशी. त्यामुळे कंटाळा आलेल्या गोष्टीचीही तलफ येते.

‘एकदाच बघतो, काही नसेल तर ठेवतो’ ही दुसरी चूक. काहीच न सापडणं हासुद्धा त्या सापळ्याचा भाग आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत, बटणावर किती टोचा मारल्यावर दाणा मिळेल याचा नेम नसला की कबुतरं टोचतच राहायची. दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ. लाइक्सचाही असाच नेम नसतो. म्हणून बघायच्या वेळा ठरवून घ्या. नुसत्या नोटिफिकेशन बंद केल्या, तर ‘काही आलं असेल का’ म्हणून काही जण उलट जास्तच वेळा डोकावतात.

विचार दाबायला जाऊ नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्यांना तेच अस्वल आठवत राहिलं. तलफ आली की ‘आली’ एवढंच म्हणा आणि हात न हलवता तिच्याकडे बघा. ती चढते, तशी ओसरतेही.

अ‍ॅप काढून टाकलं, की काम झालं? लिफ्टची वाट बघताना अंगठा सवयीने त्याच कोपऱ्यात जातो आणि कॅलक्युलेटर उघडतो! अ‍ॅप गेलं, पण सवयीला चालना देणारा क्षण तिथेच आहे. तेव्हा त्या क्षणासाठी आधीच ठरवा : ‘लिफ्टपाशी थांबलो, की फोन खिशात.’ स्क्रीन टाइमच्या मर्यादेचा पासकोड मात्र दुसऱ्याला टाकायला सांगा. स्वतःच टाकलात तर मर्यादा नावापुरतीच.

आणि एक दिवस घसरलात, की ‘आता गेलंच सगळं’ म्हणून रात्रभर स्क्रोल करणं, ही शेवटची चूक. त्याऐवजी कशामुळे घसरलो ते टिपून ठेवा : कंटाळा, एकटेपणा, की न येणारी झोप. झोपेचं कारण वारंवार दिसलं, तर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवा.