चरे पडलेल्या सायलेन्सरला हीटप्रूफ पेंट मारताय? आधी या चुका टाळा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात पाऊस किती असतो ते सांगायला नको, कणकुंबी-जांबोटीकडं तर जून ते सप्टेंबर गाडी वाळतच नाही, त्यात खडीच्या रस्त्यानं सायलेन्सरला चरे पडतात आणि दोन महिन्यांत त्या चऱ्यांतनं तांबूस गंज वर येतो. मग आपण काय करतो, दुकानातनं हीटप्रूफ पेंटचा स्प्रे आणतो, वरवर पॉलिश पेपर फिरवतो आणि फुस्स करून मारतो. पंधरा दिवसांत पापुद्रे. आणि बोलणी खातो तो पेंट. बहुतेक वेळा पेंट बरोबरच असतो, खालची तयारी चुकलेली असते, आणि हे मी स्वतःच्या गाडीचा बेंड पाइप (इंजिनातनं सायलेन्सरकडं जाणारा वाकडा पाइप) दोनदा खराब करून शिकलोय.

पहिली चूक, मी चऱ्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती, तीच जी डेंटिंग-पेंटिंगवाले दरवाजाला भरतात. घासून इतकी गुळगुळीत केली की चरा कुठं होता ते सापडेना. चोर्ला घाट चढून खाली उतरलो तर लांबी फुगून तडकलेली आणि पेंट तिच्यासकट सुटलेला. बॉडीची लांबी दीडशे-एक डिग्रीनंतर टिकत नाही हो, आणि बेंड पाइप इंजिनाजवळ तीनशे-चारशेच्या वर सहज जातो. साधा प्रायमरही तसाच, खाली मारू नका. हीटप्रूफ पेंट सिलिकॉन रेझिनचा असतो, तो थेट उघड्या धातूवर मारायचा, किंवा त्याच कंपनीचा हीटप्रूफ प्रायमर असेल तर त्यावर. म्हणजे चरा भरायचा नाही, त्याच्या कडा लांबपर्यंत घासत उतरवायच्या. नख आडवं फिरवून बघा, अडकलं तर अजून घासायचंय. फारच खोल असेल तर वेल्डिंगनं भरून ग्राइंडर मारून घ्या, पत्रा घासून पातळ करू नका.

दुसरी चूक सगळ्यात जास्त लोक करतात, आधी घासतात आणि मग पुसतात. चेन स्प्रे, ऑइल, रस्त्याचं डांबर हे सगळं घासताना चऱ्याच्या तळात दाबून बसतं आणि मग वरून कितीही थिनर लावा, निघत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं आणि ब्रशनं धुवा, मग थिनर, मगच पेपर. आणि रॉकेल-डिझेलनं पुसू नका, ते स्वतःच तेलकट थर सोडतं. थिनरच्या दोन चिंध्या ठेवा, एकीनं ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीनं उचलून घ्यायचं, नाहीतर तेच तेल पसरवत बसाल. क्लोरिनवाला ब्रेक क्लीनर गरम भागावर किंवा वेल्डिंगच्या आधी अजिबात वापरू नका, त्याचा विषारी वायू होतो.

पेपर मारून झाल्यावर, पेंटच्या आधी, साफ झालंय का हे कळायला सोपं आहे, भागावर पाणी ओता. पाण्याचा पडदा सलग राहिला तर झालं, थेंब थेंब होऊन फुटला तर तिथं अजून तेल आहे. मग लगेच हीटगननं वाळवा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या लोखंडावर तासाभरात पिवळसर झाक येते. त्यानंतर हात लावायचा नाही, बोटाचा ठसासुद्धा पेंटखालून वर येतो.

आता पेपर कुठला ते सांगतो, ८० नंबरनं सुरू करा, १२०, १८० करत २२०वर थांबा. आरशासारखं गुळगुळीत केलं तर पेंटला पकडच मिळत नाही. क्रोमचं तसंच, क्रोमवर पेंट बसत नाही, तो थर पूर्ण काढावा लागतो. हातानं होत नसेल तर बेळगावात उद्यमबागेकडं फौंड्री आणि मशीनशॉपच्या भागात ब्लास्टिंग (वाळूचा जोरात मारा करून थर काढणं) करणाऱ्यांकडं विचारा, पण सायलेन्सरची दोन्ही तोंडं बुच मारून द्या म्हणजे आत वाळू जात नाही. ॲल्युमिनियमच्या भागाला लोखंडी तारेचा ब्रश नको, स्टेनलेसचा घ्या.

आता आधीच मारलेला पेंट बिघडलाय त्यांच्यासाठी. कापडासारखा पापुद्रा निघत असेल तर खाली तेल किंवा क्रोम होतं. फोड आले असतील तर थर जाड झाला किंवा ओलावा अडकला. चऱ्याच्याच रेषेनं तांबूस रंग येत असेल तर तळातला गंज राहिला होता. तिन्हीत वरून पुन्हा स्प्रे मारून उपयोग नाही, धातूपर्यंत काढा.

थर दोन-तीन पातळ द्या, मध्ये वाळू द्या, आणि पहिल्या दिवशीच गाडी पळवू नका. उघड्यावर, घराच्या पडवीत नाही, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, थंड करा, मग वीस मिनिटं, परत थंड, मग अर्धा तास. डब्यावरची वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. धूर येईल, वास येईल, ते रेझिन पक्कं होताना येतंच, पण ते पूर्ण थंड व्हायच्या आत पावसात नेलं तर एवढी मेहनत फुकट.