विश्वामित्रीवरच्या माहितीपटात माणूस आणि मगर एकाच फ्रेममध्ये कसे घ्यावेत

बडोद्यात विश्वामित्री नदीतल्या मगरींवर फिल्म करायची म्हटली की जो तो आधी विचारतो, झूम केवढा आहे? मी त्याच झूमने एक वर्ष वाया घालवलंय.

कॅमेरा, बॅटऱ्या, परवानग्या तुम्ही बघितल्याच असतील. दिवस थंडीचे निवडा, डिसेंबर-जानेवारीचे. मगर तेव्हा ऊन खायला काठावर येते, तेही ऊन चांगलं चढल्यावर. पहाटे पाचला जाऊन बसा म्हणणाऱ्यांनी स्वतः एकदा बसून बघावं.

आता खरी गोम. पहिल्या वर्षी मी अलीकडच्या काठावर लांब उभा राहून कपडे धुणारी बाई आणि तिच्यामागे मगर, असा शॉट घेतला. मित्रांनी वाहवा केली. मग वस्तीत फिल्म दाखवली, तर तीच बाई उठून म्हणाली, "भाई, मगर पलीकडच्या काठाला होती. तू माझ्या पाठीशी आणून बसवलीस." सगळे हसले. मला घाम फुटला, कारण ती खरं बोलत होती. लांबून झूम मारला की मधलं अंतर चेपतं आणि अख्खी नदी गायब होते. रोज त्याच पाण्याशी वावरणारी बाई ते अंतर मोजूनमापून जगते. आपण नेमकं तेच पुसतो आणि वर त्याला सहजीवन म्हणतो.

म्हणून काठावरून समोर बघत शूट करू नका. पुलावर जा. कमाटीबागेजवळचा काळा घोड्याचा पूल चालेल. प्रवाहाच्या दिशेने बघा, म्हणजे एक काठ डावीकडे, दुसरा उजवीकडे आणि मधे पाणी, जेवढं आहे तेवढं. पुलावरून जमतच नसेल तर बाईच्या हातापासून मगरीपर्यंत सावकाश पॅन करा, म्हणजे कॅमेरा जागच्या जागी फिरवत न्या, आणि मधे कट मारू नका. एडिटर "लांबतंय" म्हणेल. लांबू द्या.

जबडा उघडा दिसला म्हणून भीतीचं संगीतही नको. उन्हात पडलेली मगर बहुतेकदा अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. आणि मांस टाकून तिला जवळ बोलावायचा सल्ला कुणी दिला तर तिथूनच परत फिरा: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष दाखवणं शिकारीतच धरलंय.

पुलावरच्या रिक्षांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, लागतोच. ऑगस्ट २०२४च्या पुरात रस्त्यांवर आलेल्या मगरींची दृश्यं सुरुवातीला लावू नका. पुढची प्रत्येक मगर मग खलनायकच दिसते.

एडिट पक्कं करण्याआधी लॅपटॉप घेऊन त्याच काठावर बसा. अंतर चुकलं असेल तर पहिल्या मिनिटात कुणीतरी सांगतंच.