डाईंगचं पाणी, हवाबंद टाकी आणि मेम्ब्रेन : रोज पाच हजार लिटरसाठी

रंगाचं सांडपाणी हवाबंद टाकीत जिवाणूंकडून साफ करायचं आणि मेम्ब्रेनमधून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, ओढून घ्यायचं, असा हा प्लांट. मेम्ब्रेन रंग गाळतं, हा पहिला गैरसमज. ०.१ मायक्रॉनच्या छिद्रातून विरघळलेला रिअ‍ॅक्टिव्ह रंग सहज पलीकडे जातो. मेम्ब्रेन अडवतं ते जिवाणूंना; रंग तेच तोडतात. म्हणून विट्यात किंवा कुपवाड एमआयडीसीत असा प्लांट बसवताना आधी जिवाणूंना काय खायला मिळणार ते बघा.

सगळी गटारं एकाच टाकीत सोडू नका. अ‍ॅझो रंगातला नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटायला इलेक्ट्रॉन लागतात आणि ते कांजीतल्या स्टार्चमधून मिळतात. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढवतं म्हणून ज्या डिसायझिंगच्या (कांजी काढण्याच्या) पाण्याला आपण शिव्या घालतो, तेच इथं खाद्य. सायझिंगला (सुताला कांजी लावताना) स्टार्चऐवजी पीव्हीए हे कृत्रिम पॉलिमर असेल तर ते फार सावकाश कुजतं. मग थोडं मोलॅसिस घालावं लागतं. ब्लीचिंगच्या पाण्यातलं पेरॉक्साइड जिवाणूंना विष. ते कॅटालेज एन्झाइमनं मारून, पट्टीवर तपासूनच पुढे सोडा.

खरा त्रास ग्लॉबर सॉल्टचा. रंग सुतावर चढवायला घालतात ते सोडियम सल्फेट. सल्फेट खाणारे जिवाणू दर किलो सल्फेटमागे ०.६७ किलो सीओडी पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सीओडी सल्फेटच्या दहापटीखाली गेला की वास आणि गंज सुरू, दुपटीखाली गेला की मिथेन बराच घटतो. साधं मीठ वापरलं तर सल्फेट टळतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मात्र तसाच राहतो. तो ही टाकी कमी करत नाही. याच कारणानं पीएच १०-११ वरून ७.२ वर आणताना स्वस्त म्हणून सल्फ्युरिक ओतू नका, हायड्रोक्लोरिक वापरा.

आता मापं. ३६ तासांच्या मुक्कामासाठी टाकीत ७.५ घनमीटर पाणी मावायला हवं, वर गॅसला जागा वेगळी. मेम्ब्रेन चौरस मीटरला ताशी ८ लिटरवर चालवा, ८ मिनिटं पंपानं पाणी ओढा आणि २ मिनिटं थांबा; सरासरी ६.४ लिटर पडतं, म्हणजे सुमारे ३३ चौरस मीटर. ३६ घ्या, धुण्याच्या दिवसाची सोय होते. मेम्ब्रेनचे पत्रे साफ ठेवायला खालून हवा नाही, टाकीतलाच बायोगॅस फिरवायचा. त्याआधी १ मिलिमीटरची जाळी हवीच. कपड्याचं तूस पत्र्यांमध्ये अडकलं की दोरखंड होतो.

जिवाणूंसाठी लांब जायला नको. सांगली जिल्ह्यात डिस्टिलरी असलेले साखर कारखाने आहेत. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) बायोगॅस डायजेस्टरचा स्लज, म्हणजे जिवाणूंनी भरलेला गाळ, मिळाला तर अडीच घनमीटर जाळीतून गाळून भरा. शेणकाला चालतो, पण काड्या फार. पहिला आठवडा फक्त कांजी-मोलॅसिस, तापमान ३५ अंशांच्या आसपास. मग डाईंगचं पाणी १० टक्के, आणि दर आठ-दहा दिवसांनी थोडं वाढवत न्या. फॅटी अ‍ॅसिड आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची पाण्याची ताकद) यांचं गुणोत्तर ०.३ च्या वर गेलं की वाढ थांबवा. डायबाथ (रंगवण्याचं पाणी) ७०-८० अंशांवर सुटतो, तो थेट टाकीत नको. त्याची उष्णता हीट एक्स्चेंजरनं घ्या, थंडीतल्या रात्री टाकी उबदार ठेवायला कामी येते.

रंग परत दिसू लागला तर आधी ओआरपी (टाकीत ऑक्सिजन शिरला का ते सांगणारं माप) बघा. तो उणे ३०० मिलिव्होल्टच्या खाली असावा. वर चढला तर कुठून तरी हवा शिरतेय, बहुधा पंपाच्या सीलमधून. ओआरपी ठीक असून रंग आहे म्हणजे खाद्य कमी. टर्कॉइज निळा असेल तर दोष टाकीचा नाही: तो तांब्याचा थॅलोसायनीन, त्यात अ‍ॅझो बंधच नसतो.

मेम्ब्रेनवरचा ओढीचा दाब ०.३ बारला पोचला की मेम्ब्रेन धुवा. आधी ५०० पीपीएम हायपोक्लोराइट, मग भरपूर पाणी, मग २ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड. मधलं पाणी चुकवलं तर क्लोरीन वायू होतो.

बाहेर आलेलं पाणी फिकट दिसतं, तरी काम संपलेलं नाही. रंग तुटून अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स उरतात, त्यातली काही विषारी. हवा लागली की पाणी तपकिरी होतं. पुढे १२ ते २४ तासांची हवेची टाकी लावा, सल्फोनेट झालेली अमाइन्स तिथंही चिवटपणे उरतात म्हणून शेवटी कार्बनचा फिल्टर. २०१६ च्या केंद्रीय मानकांत लिटरला सीओडी २५०, बीओडी (जिवाणूंना कुजवता येणारी घाण) ३०, सल्फाइड २ मिलिग्रॅम आणि रंग १५० युनिट आहे. टीडीएस २१०० साठी आरओ वेगळा लागेल.

गॅसची फार आशा धरू नका. लिटरला २५०० मिलिग्रॅम सीओडी असलेल्या पाण्यातून ७० टक्के काढला तर हिशेबानं दिवसाला ३ घनमीटर मिथेन. काही सल्फेटकडे जातो, काही विरघळून पाण्याबरोबर निघून जातो. बॉयलरला पुरणार नाही. उरलेला गॅस लोखंडी किसाच्या फिल्टरमधून नेऊन जाळा. टाकीचं झाकण उघडताना नाकावर भरवसा नको: हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या पुढे गेला की वास येणंच बंद होतं. मीटर लावा, आणि एकट्या माणसाला आत उतरवू नका.