गाडीचा वर्षाचा रोड टॅक्स कसा काढायचा

रोड टॅक्स किती, हे विचारायला लोक माझ्याकडे गाडीचं मॉडेल सांगत येतात. मॉडेल राहू द्या, आधी नोंदणीचं कागदपत्र काढा. युरोपातल्या कागदावर बी म्हणजे पहिल्या नोंदणीची तारीख, पी.१ म्हणजे इंजिनाचे सीसी आणि व्ही.७ म्हणजे कार्बन डायऑक्साइड, दर किलोमीटरला किती ग्रॅम ते.

तारखेला कमी लेखू नका. ब्रिटनमध्ये १ मार्च २००१ पूर्वीची गाडी इंजिनाच्या आकारावर मोजतात, नंतरची धुरावर, आणि १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांचं गणित आणखी वेगळं.

जर्मनीचा हिशेब मला आवडतो, कागद-पेनावर होतो. समजा २०२१ नंतरची पेट्रोल गाडी आहे, १४९८ सीसी, १२८ ग्रॅम. सुरू झालेल्या प्रत्येक १०० सीसीला २ युरो. इथे मी पहिल्यांदा चौदा शेकडे धरून बसलो होतो, धरायचे पंधरा. झाले ३०. आता धूर. पहिले ९५ ग्रॅम माफ. पुढच्या २० ग्रॅमला प्रत्येकी २ युरो, म्हणजे ४०. उरलेल्या १३ ला २.२० ने २८.६०. बेरीज ९८.६०, भरायचे ९८. वरचे सेंट सोडून देतात. डिझेल असेल तर १०० सीसीचा दर थेट ९.५० युरो, तिथे मात्र पोटात गोळा येतो.

जुनी गाडी विकताय? जपानमध्ये १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर, वर्षाचा कर त्याच्या माथी. नाव त्याआधी बदलून घ्या.