छताला सायकल टांगताय? या चुका टाळा

टांगलेली सायकल खाली येते तेव्हा बहुतेक वेळा दोरी शाबूत असते; हुकासकट फास्टनरच उपटून आलेला असतो. भिंतीतल्या खिळ्यावर वजन आडवं येतं, त्यामुळे तो वाकला तरी तग धरतो. छतात मात्र तेच वजन स्क्रूला त्याच्याच भोकातून सरळ बाहेर ओढत असतं, तेही दिवसरात्र. म्हणून घड्याळ किंवा फोटोफ्रेमला चालणारी प्लास्टिकची वा लाकडी गिट्टी इथे चालत नाही, सायकल 12 किलोची असो की 25 किलोची ई-सायकल.

गिलाव्याला स्लॅब समजू नका

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. छताला ड्रॉप-इन अँकर फास्टनर लागतो, म्हणजे भोकात घालून आतून फुलवायची धातूची नळी; हुक तिच्यात आट्यांनी बसतो. एम-8 मापाची (8 मिमीच्या हुकाची) ही नळी साधारण 30 मिमी लांब असते आणि तिला 10 मिमीचं भोक लागतं. एम-10 ला 12 मिमीचं भोक आणि 40 मिमी खोली. छताचा गिलावा 6 ते 12 मिमी, वर पुट्टीचा थर वेगळाच. नळी गिलाव्याच्या पातळीत बसवली, तर 30 मिमीपैकी तिसरा हिस्सा भुसभुशीत मालात राहतो. हुकाच्या जागी दोन इंच रुंदीचा गिलावा खरवडून काँक्रीट उघडं करा आणि खोली तिथून मोजा. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खूण केली की भोक जास्त खोल जात नाही.

मग पूड. ब्रश फिरवायचा, हवा मारायची, पुन्हा ब्रश फिरवायचा. हवेला सायकलचाच पंप आणि त्याला लावलेला पातळ पाइप पुरतो. पूड राहिली की फास्टनरची नळी नीट पकडत नाही, ताण आला की घसरते. नळी आतून फुलवायला त्याच मापाचा पंच मिळतो, तोच वापरा; पंचाऐवजी खिळा ठोकला की नळी अर्धवट फुलते आणि बाहेरून काहीच कळत नाही. घोड्यावर (घडीच्या शिडीवर) चढून वर तोंड करून ड्रिल मारायचंय, तेव्हा डोळ्यांवर गॉगल हवाच.

ड्रिल चालता चालता अडलं आणि पुडीत लोखंडाचा कीस दिसला, तर सळई लागली आहे. जोर लावू नका. ते भोक सिमेंटने बुजवा आणि त्याच्या खोलीच्या निदान दुप्पट अंतरावर नवीन पाडा.

जागा निवडताना

आधी हातोडीने छत ठोकून बघा. बद्द आवाज, तांबूस ओघळ किंवा ओल असेल तर तिथे काही टांगू नका. आतली सळई गंजून काँक्रीट सुटत चाललेलं असतं. दिव्याच्या पॉइंटपासून बोर्डाकडे जाणारे वायरचे पाइप स्लॅबमधून तिरपेही गेलेले असतात, तो पट्टा सोडा. फॉल्स सीलिंगच्या चौकटीला किंवा पंख्याच्या हुकाला सायकल अडकवणं म्हणजे नसती आफत. जुन्या घरात झोपाळ्याच्या कड्या असतील तर मात्र नशीब समजा: त्या बहुधा सळईला बांधलेल्या असतात. गंज तेवढा तपासा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये परवानगी तर लागतेच, पण स्लॅब पोस्ट-टेन्शनचा आहे का हेही विचारून घ्या. त्यात ताणलेल्या केबल असतात. नकाशा न पाहता तिथे ड्रिल लावायचं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पाइपला भोक पाडण्यापेक्षा यू-क्लॅम्प बरा, तोही भिंतीच्या किंवा खांबाच्या जवळ. पत्र्यालाच हुक लावू नका.

कप्पीचा सेट लावताना

दोन कप्प्यांमधलं अंतर पाकिटावरून घेऊ नका, आपल्या सायकलचं हँडल ते सीट मोजा. दोर तिरके पडले तर दोराच्या टोकाचा हुक सीटवरून निसटतो. साध्या कप्पीवरून दोर सरळ खाली ओढताना छतातल्या फास्टनरवर वजन आणि तुमची ओढ दोन्ही येतात, म्हणजे जवळपास दुप्पट भार. सायकलच्या वजनाइतकाच भार पेलणारा हुक म्हणूनच कमी पडतो.

सायकल वर जाताना एक टोक मागे राहत असेल, तर ती जमिनीवर टेकवा, दोन्ही दोर सारखे ताणून पुन्हा एकत्र बांधा आणि कुठल्या कप्पीतून दोर उतरलाय का ते पाहा. दोर फक्त कप्पीच्या ब्रेकवर सोडू नका. भिंतीवर मुलांच्या हाताबाहेर खुंटी लावून तिथे आठच्या आकड्यात वेढे द्या.

सायकल चढवण्याआधी प्रत्येक हुकाला पाण्याने भरलेला 20 लिटरचा जार दिवसभर टांगा. खाली कोणी उभं राहायचं नाही. सायकल 15-16 किलोपर्यंतची असेल तर एवढी चाचणी पुरते, ई-सायकलला दोन जार लावा. फास्टनर एखादा मिलिमीटर जरी खाली सरकला तरी तो बाद.

गाडीच्या वर टांगणार असाल तर डिकी पूर्ण उघडून उंची मोजा. कोकणात, गोव्यात साधा लोखंडी हुक पावसाळ्यात गंजतो, तिथे स्टेनलेसचा घ्या. हायड्रॉलिक ब्रेकची सायकल उलटी टांगली असेल, तर उतरवल्यावर लिव्हर पाच-सहा वेळा दाबून ब्रेक कडक लागतो का ते बघा, मगच बसा. लिव्हर मऊच राहिली तर आत हवा शिरली आहे, ब्रेक ब्लीड करून घ्या, म्हणजे ती हवा काढून टाका.