कॉम्बो अ‍ॅम्पचा स्पीकर बदलताय? या चुका टाळा

कॉम्बो म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेला गिटार अ‍ॅम्प. त्यातून खरखर यायला लागली की सगळ्यांचा पहिला संशय स्पीकरवर जातो. बरेचदा त्याचा काही दोष नसतो. म्हणून नवा स्पीकर मागवण्याआधी तितक्याच ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध मोजायचं एकक) दुसरा एखादा स्पीकर जोडून वाजवून पाहा. खरखर तिथेही आली, तर बिघाड अ‍ॅम्पमध्ये आहे आणि नव्या स्पीकरचे पैसे वाया जाणार आहेत.

दुसरी तपासणी हाताने करायची. अ‍ॅम्प बंद करा, दोन्ही हातांची बोटं कोनवर, म्हणजे स्पीकरच्या कागदी पडद्यावर, समोरासमोर टेकवा आणि अलगद, सरळ आत दाबा. व्हॉइस कॉइल (कोनला मागे जोडलेली तारेची गुंडाळी) घासत असेल तर कागदावर नख ओढल्यासारखी खरखर बोटांना जाणवते. ती जाणवली, तर स्पीकर बदलायलाच हवा. नाही जाणवली, तर स्क्रू तपासा, टर्मिनलवरच्या क्लिपा काढून घट्ट बसवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांवर गंज चढतो आणि आवाज तुटक येतो.

सगळ्यांत महागात पडते ती ओहमची चूक. फेंडर ब्लूज ज्युनियर हा १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा. त्यात १२ इंची, ८ ओहमचा एकच स्पीकर असतो. बदली स्पीकरही ८ ओहमचाच हवा. स्पीकरचं एकच मॉडेल ८ आणि १६ ओहम अशा दोन प्रकारांत मिळतं, तेव्हा ऑर्डर देताना नीट बघा. जुन्या स्पीकरवरचं लेबल पुसलं असेल तर त्याची वायर काढून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२-१३ च्या आसपास. मीटरवर ६.४ दिसलं म्हणून स्पीकर खराब समजू नका. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला सांगितल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर लावला, तर आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जळू शकतात. ट्यूब अ‍ॅम्प तर स्पीकर न जोडता चालूच करू नका, ‘फक्त दिवा लागतो का बघू’ म्हणूनसुद्धा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते, आणि तो स्पीकरइतका सहज मिळत नाही.

वॅटेजचंही तसंच. सेलेस्टियन ग्रीनबॅक हा स्पीकर २५ वॅटचा आहे. ४० वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये तो एकटा बसवला, तर जोरात वाजवताना कॉइल जळेल. ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज पूर्ण वाढवला की तो लिहिलेल्या वॅटपेक्षा जास्त देतो, म्हणून मी तरी अ‍ॅम्पच्या दुपटीच्या जवळच्या वॅटचा स्पीकर घेतो. जास्त वॅटचा स्पीकर म्हणजे जास्त मोठा आवाज, हा मात्र गैरसमज. आवाज ठरवते ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तितक्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते. ३ डेसिबलने जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर लावला, तर अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्याइतका फरक पडतो.

आता प्रत्यक्ष काम. अ‍ॅम्पचा प्लग भिंतीतून काढा आणि ट्यूब थंड होऊ द्या. चॅसिस (अ‍ॅम्पच्या सर्किटची धातूची पेटी) उघडायची गरज नसते, उघडूही नका. आतल्या कॅपेसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दाब राहू शकतो. नव्या स्पीकरचं मॅग्नेट किती खोल आहे, ते ट्यूबना किंवा ट्रान्सफॉर्मरला टेकणार तर नाही ना, हे मोजपट्टीने आधीच पाहून ठेवा.

स्क्रू आवळताना माझ्या हातून एकदा नवा कोरा कोन फाटला. मॅग्नेटने स्क्रूड्रायव्हर खेचला, टोक निसटलं आणि सरळ कागदात घुसलं. कोनमध्ये बोटभर चीर. फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी जाड पुठ्ठा कापून कोनवर ठेवतो आणि दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हरची दांडी धरून ठेवतो. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकच बाजू करकचून आवळली तर फ्रेम पिळवटते आणि कॉइल घासायला लागते.

पोलॅरिटीची, म्हणजे धन-ऋण वायर कुठे लागली याची, चिंता एका स्पीकरच्या कॉम्बोत फारशी नको. दोन स्पीकर असतील तर मात्र एकाची वायर उलटी लागली की बास गायब होतो. शंका आली तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलना लावून पाहा. सेलचं धन टोक धन टर्मिनलला लागलं की कोन बाहेर यायला हवा, दोन्ही स्पीकरचा सारखाच.