ताकायासूच्या रुग्णाचा बीपी कुठल्या हातावर मोजायचा?

ताकायासू आर्टरायटिसमध्ये महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) आणि तिच्या मोठ्या शाखांना सूज येते, भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद होते. डाव्या हाताची धमनी अशी आवळली की त्या दंडावर वरचा आकडा 90 दिसतो, आणि त्याच वेळी हृदय-मेंदू 180 सोसत असतात. भारतातल्या रुग्णांमध्ये किडनीच्या धमन्याही बऱ्याचदा अरुंद असतात, त्यामुळे बीपी मुळातच चढलेला असतो. अशा वेळी 90 बघून गोळी बंद केली तर पक्षाघातच ओढवायचा.

म्हणून पहिली मोजणी दोन्ही दंडांवर आणि दोन्ही पायांवर, दवाखान्यातच करून घ्यावी. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन यावं, पाच मिनिटं गप्प पडून राहावं. दंडाचा घेर टेपने मोजा: 22 ते 26 सेंमी असेल तर लहान कफ (मशीनचा गुंडाळायचा पट्टा), 27 ते 34 ला नेहमीचा. रुग्ण बहुतेक तरुण, बारीक मुली असतात. त्यांना मोठा कफ गुंडाळला की आकडा उगाच कमी येतो. एका मिनिटाच्या अंतराने प्रत्येक हातावर दोनदा मोजा. घोट्याच्या वर कफ बांधून मोजायला डॉप्लर (रक्ताचा प्रवाह आवाजावरून ओळखणारं यंत्र) लागतो, तिथे घरच्या मशीनवर विसंबू नका. मशीन एकाच हातावर सारखं ‘एरर’ दाखवत असेल तर सेल बदलत बसण्याआधी त्या मनगटाची नाडी चाचपून बघा.

दोन हातांत वरच्या आकड्याचा फरक असेल तर जास्त आकड्याचा हात धरायचा, पुढेही तोच. उजवा हात जास्त दाखवत असेल तर फाइलवर ठळक लिहा: ‘बीपी फक्त उजव्या हातावर’. भूल देणाऱ्यांना हे आधी कळलंच पाहिजे. दोन्ही हात कमी दाखवत असतील तर पायाचा आकडा बघतात. पोटातली महाधमनीही आवळलेली असेल तर तोही फसवा. मग कॅथेटर (बारीक नळी) घालून थेट महाधमनीतला दाब मोजावा लागतो.

रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासा. दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद असतील तर या गोळ्यांनी किडनी अचानक बसू शकते. सूज उतरवणारं स्टिरॉइड मात्र मनाने एकदम थांबवू नका. अचानक दिसेनासं झालं, बोबडी वळली किंवा छाती-पाठीत फाटल्यासारखी कळ आली तर बीपी मोजत बसू नका, 108 ला फोन करा.